दोन तिकिटांच्या मधले अंतर

परदेशी राहणाऱ्या मुलाकडे किंवा मुलीकडे जाण्यापूर्वी ‘विमानप्रवासास हरकत नाही’ असा दाखला घेण्यासाठी भामरागड तालुक्यातील ज्येष्ठ मंडळी दवाखान्यात येऊ लागली, त्याला आता बरीच वर्षे झाली. कुणी आश्रमशाळेतून निवृत्त झालेले शिक्षक असतात, कुणी वनखात्यात आयुष्य घालवलेले असतात, कुणाचे बाजारपेठेत छोटे दुकान असते. मुले शिकली, पुण्या-हैदराबादेत नोकरीला लागली आणि तेथून पुढे गेली. १९७३ साली हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला, त्या काळात या भागातील माणसाला आलापल्ली गाठणे हाच मोठा प्रवास होता. त्याच रस्त्याने आता आजी-आजोबा नातवंडे पाहायला सातासमुद्रापार निघतात, याचे मला मनापासून कौतुक वाटते.

असे जोडपे समोर बसले, की रक्तदाबाचा पट्टा हाती घेण्याआधी मी तिकिटे पाहायला मागतो. काहींना नवल वाटते. डॉक्टरांना तिकिटाशी काय कर्तव्य, असा भाव चेहऱ्यावर उमटतो. परंतु पासष्टी-सत्तरी ओलांडलेल्या माणसाला प्रवास किती झेपेल, याचा अंदाज रक्ताच्या अहवालावरून येतो, तितकाच तिकिटावरूनही येतो. मी त्यावर एकच गोष्ट शोधत असतो : नागपूरपासून मुलाच्या गावापर्यंतचा सारा हवाई प्रवास एकाच पीएनआर क्रमांकाखाली आहे, की नागपूर-मुंबई हे एक तिकीट आणि मुंबईहून पुढचे दुसरे.

पैसे वाचावेत, म्हणून मुले पुष्कळदा दोन तिकिटे स्वतंत्र काढतात. बचत खरी असते, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु एकाच तिकिटावर दोन विमाने असली, तर पहिल्याला उशीर होऊन दुसरे चुकल्यास पुढची सोय करण्याची जबाबदारी सामान्यतः विमान कंपनीवर येते आणि सामानही बहुधा शेवटच्या मुक्कामापर्यंत परस्पर पाठवले जाते. स्वतंत्र तिकिटांच्या बाबतीत पहिल्या कंपनीचे काम मुंबईत उतरवून दिले की संपते. दुसऱ्या कंपनीच्या दृष्टीने तुम्ही काउंटरवर वेळेत न आलेले प्रवासी असता, मग कारण काहीही असो. या दोहोंच्या मधले काही तास कुणाच्याच हिशेबात नसतात, आणि आमच्या ज्येष्ठांची तब्येत बिघडते ती बहुतेक वेळा त्याच तासांत. विमानात बसून राहण्याचा त्रास त्यामानाने कमी.

हे तास प्रत्यक्षात कसे जातात, ते पाहू. नागपूरहून आलेले विमान मुंबईत उतरते. सामान पट्ट्यावरून स्वतः उचलून घ्यावे लागते. ते ढकलत बाहेर यायचे, मग पुन्हा प्रस्थानाच्या दारापाशी रांग, सुरक्षा जवानाला तिकीट आणि ओळखपत्र दाखवणे, आत दुसऱ्या कंपनीच्या काउंटरपुढे रांग, तेथे पासपोर्ट-व्हिसाची तपासणी, सामानाचे वजन, मग इमिग्रेशन, मग सुरक्षा तपासणी, आणि अखेरीस दूरवरचे गेट. मोबाइलवरून वेब चेक-इन केलेले असले, तरी परदेशी प्रवासात कागदपत्रांची तपासणी काउंटरवर होतेच. त्यामुळे ‘आमचे चेक-इन झाले आहे’ या समाधानात राहू नये. काउंटर बंद होण्याची वेळही ठरलेली असते. ती साधारणपणे उड्डाणाच्या एक तास आधीची असते, काही कंपन्यांची त्याहूनही अगोदरची. नेमकी वेळ तिकिटावर पाहून ठळक अक्षरांत कागदावर लिहून घ्यावी.

मुंबईत आणखी एक घोळ होतो, तो टर्मिनलचा. पहिले टर्मिनल सांताक्रूझच्या बाजूला, दुसरे सहारला. विमानतळ एकच असला, तरी एकातून दुसऱ्यात जायला रस्त्याने वळसा घालून जावे लागते आणि मुंबईची वाहतूक आपल्या घाईची पर्वा करीत नाही. त्यात ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले, तो तर खाडीपलीकडे. तिकिटावर नुसते ‘मुंबई’ वाचून समाधान मानणाऱ्यांनी, उतरायचे कुठे आणि चढायचे कुठे, हे दोन्ही तिकिटांवर स्वतंत्रपणे तपासून घ्यावे. दिल्लीतही अनेक टर्मिनले आहेत आणि तेथेही हाच प्रश्न येतो.

आता यात औषधांचे काय होते? मधुमेहाचे उदाहरण घेऊ, कारण सर्वांत जास्त गोंधळ तेथेच होतो. नागपूरचे विमान सायंकाळी सातला सुटायचे असते. आजोबा रोजच्याप्रमाणे साडेसहाला इन्सुलिन घेतात, विमानात किंवा मुंबईला उतरल्यावर जेवू या हिशेबाने. विमान दोन तास उशिरा सुटते. मुंबईत उतरल्यावर पुढची वेळ गाठायची म्हणून जेवण राहून जाते. इन्सुलिन मात्र आपले काम करीत असते. घाम सुटतो, हातपाय थरथरतात, बोलणे असंबद्ध होते. आणि गर्दीत, अनोळखी ठिकाणी, ‘प्रवासाने दमले आहेत’ असे म्हणून त्याकडे दुर्लक्ष होते. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांनीही असे होऊ शकते. म्हणून माझा आग्रह असा, की प्रवासाच्या दिवशी जेवणाआधीचे इन्सुलिन घड्याळ पाहून घेऊ नये. ताट प्रत्यक्ष समोर आल्यावरच घ्यावे. दिवसातून एकदा घ्यायच्या लांब पल्ल्याच्या इन्सुलिनचा हिशेब वेगळा असतो : पश्चिमेकडे जाताना दिवस लांबतो, पूर्वेकडे जाताना तो आखडतो, आणि त्यानुसार मात्रा व वेळ बदलावी लागते. ते गणित निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यावे, विमानात बसून करू नये. खिशात ग्लुकोजची पुडी किंवा तीन-चार चमचे साखर असलीच पाहिजे. बरोबरच्या माणसाने असंबद्ध बोलणे दिसताच आधी साखर द्यावी आणि कारण नंतर शोधावे. माणूस गिळण्याइतका शुद्धीवर नसेल, तर मात्र तोंडात काही घालू नये. ताबडतोब विमानतळावरील वैद्यकीय मदत बोलवावी.

इन्सुलिनची पेने किंवा कुप्या चेक-इनच्या बॅगेत टाकू नयेत. विमानाच्या पोटात ती गोठण्याचा धोका असतो, आणि एकदा गोठलेले इन्सुलिन दिसायला ठीक वाटले तरी वापरण्यायोग्य राहत नाही. सुरक्षा तपासणीत ते अडवतील, ही भीती अनेकांना असते. डॉक्टरांची चिठ्ठी बरोबर असली, तर हातातल्या पिशवीत इन्सुलिन आणि सुया नेता येतात.

हीच गोष्ट सर्व औषधांची. दोन तिकिटांच्या प्रवासात सामान दोनदा सोपवावे लागते, म्हणजे ते हरवण्याची किंवा मागे राहण्याची शक्यताही दोनदा येते. महिनाभराच्या रक्तदाबाच्या, हृदयाच्या, फिटच्या किंवा रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या मोठ्या बॅगेत आणि मालक दुसऱ्या देशात, असे झाले तर परदेशात डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय गोळ्या मिळत नाहीत. म्हणून सर्व औषधे मूळ पाकिटांसह हातातल्या पिशवीत, त्यांची मूळ औषधी नावे इंग्रजीत लिहिलेले पत्र सोबत, आणि एक रात्र कुठे काढावी लागली तर लागणारे कपडे, चष्मा, श्रवणयंत्राच्या बॅटऱ्या, दातांची कवळी ठेवायची डबी, हे सारे त्याच पिशवीत ठेवावे. वाफाऱ्याचे यंत्र किंवा झोपेत श्वासासाठी लावायचे यंत्र असल्यास त्याच्या सुट्या लिथियम बॅटऱ्या मोठ्या बॅगेत चालत नाहीत, त्याही हातातच न्याव्या लागतात.

वजनाचा मुद्दाही येथेच सांगतो. देशांतर्गत विमानात मोठ्या बॅगेला बहुधा पंधरा किलोची मर्यादा असते. परदेशी तिकिटावर ती पुष्कळ जास्त असते. स्वतंत्र तिकीट असल्यास नागपूरच्या काउंटरवर पंधराच मोजले जातात. मुलासाठी बांधलेल्या लोणच्याच्या बरण्या तेथे निघतात, बॅगा उघडून सामान इकडचे तिकडे केले जाते आणि त्या धांदलीत नेमकी औषधांची पिशवी मोठ्या बॅगेत जाते. जादा वजनाचे पैसे आधीच भरावेत किंवा लोणचे घरी ठेवावे. मी नेहमी दुसरा पर्याय सुचवतो आणि तो कुणी ऐकत नाही.

व्हीलचेअर : दोनदा मागावी

गुडघे कुरकुरत असले, तरी व्हीलचेअर मागायला आपल्याकडे संकोच वाटतो. ‘मला काय झालंय, मी चालतो की,’ असे म्हणणारे आजोबा रोज सकाळी पर्लकोटेच्या पुलापर्यंत फिरून येत असतीलही. परंतु विमानतळावरचे चालणे वेगळे. ते रात्री अपुऱ्या झोपेवर, उभ्या रांगांनंतर आणि घाईत करावे लागते. फेब्रुवारी २०२४ मध्ये मुंबई विमानतळावर घडलेली घटना वृत्तपत्रांतून सर्वांनी वाचली असेल. न्यूयॉर्कहून आलेल्या वृद्ध दांपत्याने व्हीलचेअरची आगाऊ मागणी केली होती. उतरल्यावर एकच मिळाली. पत्नीला तीवर बसवून ऐंशी वर्षांचे पती बरोबर चालत निघाले आणि इमिग्रेशनपाशी कोसळले. त्यांचे निधन झाले. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने संबंधित कंपनीला तीस लाख रुपयांचा दंड ठोठावला. त्या गृहस्थांना ‘थोडे थांबा, दुसरी येते’ असे सांगण्यात आले होते, अशी कंपनीची बाजू होती. कंपनीची चूक किती, हे ठरवणाऱ्यांनी ठरवले; वाचकांनी यातून एवढे घ्यावे, की दुसरी खुर्ची येईपर्यंत दोघांनीही बसून राहावे. मागे माणसे खोळंबली तरी चालतील.

ही मागणी उड्डाणाच्या किमान ४८ तास आधी नोंदवावी लागते, आणि तिकिटे दोन असल्यास ती दोन्ही कंपन्यांकडे स्वतंत्रपणे नोंदवावी लागते. एका तिकिटावरची नोंद दुसऱ्या कंपनीला दिसत नाही. पहिल्या कंपनीचा मदतनीस मुंबईत तुम्हांला बाहेरच्या दारापाशी सोडून परत जातो. दुसऱ्या कंपनीचा मदतनीस तिच्या काउंटरपासून पुढे भेटतो. मधला टप्पा, ज्यात सामानाची ढकलगाडी, लिफ्ट आणि कदाचित टॅक्सी येते, तो तुमचा तुम्ही पार करायचा असतो. ज्यांना दोनशे पावले चालल्यावर दम लागतो किंवा छातीत जड वाटते, त्यांना हा टप्पा एकट्याने करू देऊ नये. मुंबईत राहणारा भाचा-पुतण्या बाहेर येऊन भेटू शकतो. मात्र तिकीट नसलेल्याला सहसा आत सोडत नाहीत, त्यामुळे काउंटरपर्यंत तो सोबत येईल असे गृहीत धरू नये.

विस्मरणाचा आजार असलेल्यांबद्दल माझे मत स्पष्ट आहे. ठिकाण सारखे बदलत गेले की त्यांचा गोंधळ वाढतो, सायंकाळनंतर तर अधिकच. अशा व्यक्तीला स्वतंत्र तिकिटांच्या प्रवासाला एकट्याने किंवा तितक्याच थकलेल्या जोडीदाराच्या भरवशावर पाठवू नये. तेथे पैशांची बचत पाहू नये.

पाणी, पाय आणि श्वास

प्रवासात स्वच्छतागृहाची अडचण होते म्हणून स्त्रिया पाणी पिणे बंद करतात. पुरुषही प्रोस्टेटच्या त्रासामुळे तेच करतात. काही जण लघवीची गोळी परस्पर गाळतात. भामरागडहून नागपूर आलापल्ली, आष्टी, गोंडपिपरी, चंद्रपूर, वरोरा असे सुमारे सव्वातीनशे-साडेतीनशे किलोमीटर पडते. पहाटे निघालेला माणूस दुपारपर्यंत एक पेला पाणी प्यालेला असतो. पुढे मुंबईतले काही तास, मग विमानातली कोरडी हवा. चार तासांहून अधिक काळ एका जागी बसून राहिले, की पायाच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याची शक्यता वाढते आणि शरीरातले पाणी कमी असेल तर प्रकृतीला आणखी ताण पडतो. तासा-दीड तासाने उठून चालावे, बसल्या जागी पावले वरखाली करावीत, थोडे थोडे पाणी पीत राहावे. एका पोटरीला सूज येऊन ती दुखू लागली, किंवा प्रवासानंतर अचानक धाप लागली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. हृदयाच्या कमजोरीसाठी लघवीची गोळी चालू असेल, तर ती बंद करू नये; केव्हा घ्यावी, एवढेच डॉक्टरांना विचारावे.

विमानातील हवेचा दाब साधारणपणे सहा ते आठ हजार फूट उंचीवर असतो तितका ठेवलेला असतो. म्हणजे प्राणवायू जमिनीपेक्षा कमी मिळतो. निरोगी माणसाला ते जाणवत नाही. जुना दमा, फुप्फुसांचा आजार, तीव्र रक्तक्षय असणाऱ्यांना जाणवते. आमच्या गडचिरोली जिल्ह्यात सिकलसेलचे प्रमाण मोठे आहे, म्हणून हे मुद्दाम लिहितो : एसएस प्रकारच्या रुग्णाने, वय कोणतेही असो, निघण्यापूर्वी हिमोग्लोबिन तपासून डॉक्टरांचा सल्ला घ्यावाच. कमी प्राणवायू, थंडी आणि पाण्याची कमतरता या तिन्ही गोष्टींनी वेदनेचा झटका येऊ शकतो, आणि या तिन्ही गोष्टी चुकलेल्या विमानाच्या रात्री विमानतळावरच्या बाकावर एकत्र भेटतात. एएस म्हणजे वाहक असणाऱ्यांना सहसा अडचण येत नाही.

तर मग करावे काय?

शक्य असेल, तर सारा हवाई प्रवास एकाच तिकिटावर काढावा, थोडे पैसे जास्त पडले तरी. तो खर्च औषधपाण्याच्या खर्चात धरावा, असे मी मुलांना फोनवर सांगतो. ते शक्य नसेल, तर दोन विमानांच्या मध्ये तीन-चार तास ठेवून भागत नाही. एक पूर्ण रात्र ठेवावी. मुंबईहून परदेशी जाणारी बरीच विमाने मध्यरात्रीनंतर सुटतात. आदल्या दिवशी मुंबईत पोहोचून नातेवाइकांकडे किंवा विमानतळाजवळच्या साध्या लॉजवर झोपलेला माणूस दुसऱ्या रात्री टवटवीत असतो. डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात देशातील सर्वांत मोठ्या विमान कंपनीची हजारो उड्डाणे रद्द झाली, तेव्हा तीन-चार तासांचे अंतर ठेवणाऱ्यांचे हिशेब कोलमडले असणार, हे वेगळे सांगायला नको. अशा वेळी पहिली कंपनी तिच्या तिकिटाचे पैसे परत करते. पुढचे महागडे तिकीट तिच्या खाती येत नाही.

आमच्या भागासाठी आणखी एक मार्ग आहे आणि तो मी हल्ली बऱ्याच जणांना सुचवतो. सप्टेंबर २०२४ पासून नागपूर-सिकंदराबाद वंदे भारत गाडी चंद्रपूर आणि बल्लारशाला थांबते. बल्लारशाहून बसून सिकंदराबाद, रात्री हैदराबादेत मुक्काम, आणि दुसऱ्या दिवशी शमशाबाद विमानतळावरून थेट परदेशी विमान. येथे विमानाचे तिकीट एकच, विमानतळ एकच, टर्मिनल एकच. गाडीत उठून चालता येते, स्वच्छतागृह हाताशी असते, आणि हैदराबादेत नोकरीला असलेला एखादा गावकरी तर हमखास निघतोच.

तरीही दोन तिकिटे झालीच असतील, तर काही गोष्टी निघण्याआधी मुलांकडून करवून घ्याव्यात. दोन्ही तिकिटांवरचे नाव पासपोर्टवरील नावाशी अक्षरशः जुळते का, ते पाहावे; आधारवर एक आणि पासपोर्टवर दुसरे, असे आपल्याकडे फार घडते. भामरागडात नेटवर्कचा भरवसा नसतो, म्हणून तिकिटे, बोर्डिंग पास, विमा यांच्या प्रती आलापल्लीत छापून घ्याव्यात. नागपूरच्या काउंटरवर पुढचे तिकीट दाखवून, सामान थेट जाईल का, हे विचारावे. दोन्ही विमाने एकाच कंपनीची किंवा सहयोगी कंपन्यांची असतील, तर कधीकधी ते जाते. बॅगेच्या चिठ्ठीवर कोणत्या विमानतळाची अक्षरे आहेत, ते वाचून खात्री करावी. दुसरी जोडणी परदेशातील विमानतळावर असेल आणि तेथे सामान उचलून पुन्हा द्यायचे असेल, तर त्यासाठी इमिग्रेशन ओलांडून बाहेर यावे लागते, आणि त्या देशाचा व्हिसा नसल्यास ते शक्य होत नाही. अशी तिकिटे ज्येष्ठांसाठी काढूच नयेत. प्रवासविम्याच्या पॉलिसीत, स्वतंत्र तिकिटांवरची चुकलेली जोडणी धरली आहे का आणि जुने आजार धरले आहेत का, हे दोन प्रश्न लेखी विचारावेत. आणि पहिल्या विमानाला उशीर होतो आहे असे दिसताच, पुढचे विमान सुटण्यापूर्वी मुलाने दुसऱ्या कंपनीला फोन करावा. न कळवता गैरहजर राहिल्यास त्याच तिकिटावरचा परतीचा प्रवासही बहुधा रद्द होतो, हे अनेकांना परतीच्या दिवशी कळते.

परतीचा विचार तिकीट काढतानाच करावा. परदेशातून मुंबईत उतरल्यावर सामान घेऊन कस्टममधून बाहेर यावेच लागते, मग पुढे नागपूरचे चेक-इन. त्या दिवशी शरीर परक्या घड्याळावर चाललेले असते, तेव्हा मध्ये रात्र हवीच. जुलै-ऑगस्टमधली तारीख मात्र शक्यतो घेऊ नये. पर्लकोटेच्या पुलावरून पाणी गेले, की नागपूरपर्यंत सुखरूप आलेला माणूस घरापासून अलीकडे कित्येक दिवस अडकतो. त्यामुळे परतीच्या हिशेबात आठवड्याभराची औषधे जादा धरावीत. आणि तिकडे असताना किंवा परत आल्यावर ताप आला, तर तिकडच्या डॉक्टरांना पहिल्या वाक्यातच सांगावे, की आम्ही हिवतापाच्या भागातून आलो आहोत. त्यांच्याकडे हा आजार सहसा दिसत नाही, त्यामुळे रक्ताची ती तपासणी आपण होऊन करायचे त्यांना सुचेलच असे नाही. पत्रात मी ते वाक्य इंग्रजीत, लाल शाईने लिहून देतो.